पीडीएफ एक्सप्रेसनं तिसऱ्यांदा पेपर परत केला, उद्या शेवटची तारीख आहे

द्राक्षबाग_ताई (रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण पाणी डोक्यावरनं चाललंय.

मी सांगलीत एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर कवठेमहांकाळ बाजूला, घरची बेदाण्याची शेड आहे. त्यामुळं प्रोजेक्ट पण तोच घेतला, बेदाण्याचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरनं हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी करायची. पेपर लिहिला, आयट्रिपलईच्या (अमेरिकेतली ती इंजिनिअर लोकांची संस्था) एका कॉन्फरन्सला पाठवला आणि खरंच सांगते अपेक्षा नसताना ॲक्सेप्ट झाला. घरात पेढे वाटून झाले, आजी शेजारी सांगून आली की पोरगीचा पेपर अमेरिकेत छापून येणार. आणि आता कॅमेरा रेडी, म्हणजे छापायला जाणारी शेवटची कॉपी द्यायची तर फाईल नियमात बसते का ते तपासणारी ती आयट्रिपलईची पीडीएफ एक्सप्रेस नावाची साईट पीडीएफ घ्यायलाच तयार नाही. तीनदा टाकली, तीनदा फेल. रिपोर्टमध्ये काहीतरी टाइप थ्री फॉन्ट डेजावू सॅन्स आणि एका पानावर हेल्वेटिका नॉट एम्बेडेड असं येतंय. मी तर सगळीकडं टाइम्स न्यू रोमनच वापरलाय, हा डेजावू कोण मला माहीतच नाही!!

ओव्हरलीफवर लिहिलंय (कोडसारखं टाइप करून पीडीएफ काढायचं ते लेटेक, ऑनलाइन), कॉन्फरन्सनं दिलेलं टेम्प्लेटच घेतलंय. वर आणि पानं सात झालीत, लिमिट सहाचं आहे. गाईड सर म्हणाले मार्जिन थोडं कमी कर चालतंय. करू का? आणि लायब्ररीत प्लॅगॅरिझम काढलं तर ८७ टक्के आलं, मला तर रडूच आलं, एक ओळ पण कुठनं उचललेली नाही.

तारीख उद्याची आहे, रात्री ११:५९, पुढं एओई असं काहीतरी लिहिलंय. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

विट्याचा_पिंटू (रात्री ९:२२)

ताई सोप्पंय, वर्डमध्ये फाईल मग ऑप्शन मग सेव्ह मध्ये जायचं आणि एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल वर टिक करायची, मग सेव्ह ॲज पीडीएफ. माझं असंच झालेलं.

द्राक्षबाग_ताई (रात्री ९:२५)

दादा पण माझं वर्डमध्ये नाहीच ना, लेटेक आहे 😭

विट्याचा_पिंटू (रात्री ९:२६)

अरे हो, ओव्हरलीफ वाचलंच नाही मी. सॉरी. मग मोठ्या लोकांची वाट बघा.

मिरज_जंक्शन (रात्री ९:४८)

पहिल्यांदा पाणी प्या. हे एका तासाचं काम आहे, मी इंजिनिअरिंगला शिकवतो, दरवर्षी मार्च महिन्यात दहाबारा पोरं हाच रिपोर्ट घेऊन माझ्या केबिनसमोर उभी असतात.

तुमचा टाइम्स बरोबरच आहे, लेटेक स्वतःचे फॉन्ट नीट एम्बेड करतंय, म्हणजे फाईलच्या आतच घालतंय, त्याचा काही दोष नाही. भानगड तुमच्या आकृत्यांमध्ये आहे. ग्राफ पायथनमध्ये काढलेत ना, मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या लायब्ररीनं? त्याचा ठरलेला फॉन्ट डेजावू सॅन्स असतो, आणि पीडीएफमध्ये सेव्ह केलं की तो टाइप थ्री या फॉन्ट साठवायच्या प्रकारात आत जातो, आणि टाइप थ्री आयट्रिपलईला चालत नाही. म्हणजे ग्राफच्या अक्षांवरचे आकडे आणि लेबलं आहेत ना, ती अडकतात. तुमच्या लिखाणातलं एक अक्षर पण त्यात नाही.

उपाय: कोडच्या सुरवातीला आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये, पीडीएफ डॉट फॉन्टटाइप ४२ करा. मूळचा ३ असतो. ४२ म्हणजे ट्रूटाइप. एवढी एक ओळ घालून सगळे ग्राफ परत रन करा, त्याच नावानं सेव्ह करा, ओव्हरलीफवर जुन्याच्या जागी टाका, रीकंपाईल. डेजावू राहिला तरी चालतोय, फक्त टाइप थ्री नको.

कुणी सांगेल की ग्राफचा पीएनजी करा, फॉन्टची कटकटच नाही. करता येतं, पण मग दोन कॉलमच्या पानात अक्षरं पुसट दिसतात आणि झूम केलं की चौकोन चौकोन. फोटो असतील तर पीएनजी जेपीजी ठीक आहे, ३०० डीपीआय ठेवा, ग्राफ पीडीएफच ठेवा.

हेल्वेटिकाचं वेगळं आहे. ती पान ३ वर आहे का ४ वर? आणि तिथली आकृती कुणी काढलीय?

पोवईनाका_मॅडम (रात्री ९:५५)

मार्जिनला हात लावू नका!! सरांनी सांगितलं तरी नाही. लिहून झालं की सविस्तर सांगते.

द्राक्षबाग_ताई (रात्री १०:२०)

सर थँक्यू थँक्यू थँक्यू, पाच ग्राफ परत काढले, टाइप थ्री गेला!! आता फक्त हेल्वेटिका राहिलीय, पान ४. तो बॉक्सप्लॉट आहे, तो आमच्या कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी काढून दिलेला, आर नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये. सर जतला लग्नाला गेलेत, फोन लागत नाही. कोड त्यांच्याकडंच आहे, माझ्याकडं नुसती पीडीएफ.

मिरज_जंक्शन (रात्री १०:३१)

आर म्हणजे चोर सापडला. आरची साधी पीडीएफ कमांड हेल्वेटिका नावानं लिहिते पण फॉन्ट आत घालत नाही, समोरच्याकडं असेलच असं धरून चालते. सर असते तर आरचीच फॉन्ट आत घालणारी कैरो पीडीएफ कमांड वापरा म्हटलं असतं, संपला विषय. सर नाहीत तर दोन रस्ते. एक म्हणजे ती एकच आकृती इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सगळं सिलेक्ट करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे अक्षरांचे आकार होतात, फॉन्टच उरत नाही. सेव्ह ॲज पीडीएफ. दुसरा रस्ता घोस्टस्क्रिप्ट, कमांड टाइप करून पीडीएफ बदलायचं सॉफ्टवेअर, त्यात एम्बेड ऑल फॉन्ट्स म्हणून ऑप्शन असतो, तो हेल्वेटिकाच्या जागी तिच्यासारखाच निंबस सॅन्स घालून देतो. तुम्हाला माऊस बरा वाटत असेल तर इंकस्केप.

आणि साईटवर सारखं सारखं अपलोड करून बघू नका. आधी स्वतः तपासायचं. पीडीएफ रीडरमध्ये उघडा, फाईल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स. प्रत्येक नावापुढं एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट असं पाहिजे, कुठंही टाइप थ्री नको. ही यादी स्वच्छ दिसली की मगच एक्सप्रेसला द्यायची. आमच्याकडं पोरं एसटीची वाट बघितल्यासारखी त्या साईटच्या मेलची वाट बघत बसतात, ते नको.

कराडचा_कोडर (रात्री १०:३८)

हेच सांगायला आलो होतो सरांनी आधीच सांगितलं. एक ॲड करतो, पेपर साईज चेक करा. आयट्रिपलईट्रॅन क्लास, म्हणजे आयट्रिपलईचं लेटेक टेम्प्लेट, काही सांगितलं नाही तर यूएस लेटर धरतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि भारतातल्या बऱ्याच कॉन्फरन्स ए४ मागतात, २१० बाय २९७. माझी पहिली पीडीएफ त्यामुळं फेल गेलेली आणि मी दोन दिवस फॉन्ट शोधत बसलेलो 🤦 कॉन्फरन्सच्या पानावर काय लिहिलंय ते बघा आणि गरज असेल तर लेटेक फाईलच्या वरच्या डॉक्युमेंटक्लासच्या ओळीत ए४पेपर घाला. पान नंबर पण नकोत, ते छापणारे टाकतात. बुकमार्क नकोत, पासवर्ड नको. हायपररेफ पॅकेज घातलं असेल तर काढून टाका, त्यानं बुकमार्क येतात.

आणि ताई टेन्शन घेताय कशाला, एओई आहे ना. एओई म्हणजे एनीव्हेअर ऑन अर्थ, पृथ्वीवर कुठंतरी अजून ती तारीख चालू आहे तोपर्यंत वेळ आहे असा हिशोब. यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेच्या १२ तास मागं. आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे एकूण साडेसतरा तासांचा फरक. उद्याचे रात्री ११:५९ एओई म्हणजे आपल्याकडं परवा संध्याकाळचे ५:२९. उद्याचा अख्खा दिवस आणि परवाची दुपार तुमची.

द्राक्षबाग_ताई (रात्री १०:४१)

काय सांगता!!! परवा संध्याकाळपर्यंत?? मी मैत्रिणीच्या हळदीला नाही म्हणून सांगितलं होतं 😅

कराडचा_कोडर (रात्री १०:४३)

जावा की मग. फक्त खात्री करा, जिथं पेपर सबमिट करताय तिथं पण एओईच लिहिलंय का. कधी कधी वेबसाईटवर एक आणि सबमिशनच्या पानावर दुसराच टाईम झोन असतो. जे आधी येतं ते खरं माना.

पोवईनाका_मॅडम (रात्री ११:०५)

मुलं झोपली, आता लिहिते. मी साताऱ्यात शिकवते, दोन कॉन्फरन्सच्या प्रकाशन समितीत काम केलंय, म्हणजे दुसऱ्या बाजूनं पण बघितलंय हे.

मार्जिन. तुम्हाला वाटतं दोन मिलिमीटर कमी केलं तर कोण मोजतंय. यंत्र मोजतं. टेम्प्लेटमध्ये ठरवलेलं मार्जिन, दोन कॉलम, मजकूर १० पॉइंट, शीर्षक २४ पॉइंट, संदर्भ ८ पॉइंट, हे सगळं तसंच राहिलं पाहिजे कारण सगळ्यांचे पेपर एकाच पुस्तकात एकसारखे जाणार. ओळींमधली जागा कमी करणं, आकृतीच्या वर खाली उणे व्हीस्पेस घालून मोकळी जागा खाणं, हे पण समितीला लगेच दिसतं, पानाकडं बघितलं की दाटी जाणवते. आमच्याकडं असे पेपर आले की आम्ही परत पाठवायचो, आणि ज्यांनी शेवटच्या दिवशी पाठवले त्यांना परत पाठवायला वेळच नसायचा. त्यांचं काय झालं ते सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

पान कमी करायचं तर मजकुरात हात घाला. मी न बघता सांगते तुमच्या प्रस्तावनेत पहिलं वाक्य काय आहे. भारत हा कृषिप्रधान देश आहे. बरोबर?

द्राक्षबाग_ताई (रात्री ११:०८)

मॅडम 🙈 हो. आणि पुढचा परिच्छेद द्राक्षाच्या इतिहासाचा आहे.

पोवईनाका_मॅडम (रात्री ११:२०)

काढा दोन्ही. तो पेपर वाचणारा माणूस इमेज प्रोसेसिंगवाला आहे, त्याला भारत कृषिप्रधान आहे हे माहीत आहे. एक ओळ ठेवा, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ही, कारण त्यातनं प्रतवारी का महत्त्वाची ते कळतं. बाकी शेडवर रॅक कसे असतात, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात का बुडवतात, हे फक्त तेवढंच ठेवा जेवढ्यानं रंग का बदलतो हे समजेल. रंग हाच तुमचा विषय आहे ना.

मग संबंधित कामाचा भाग. किती संदर्भ आहेत? तीसच्या वर असतील तर त्यातले निम्मे "आणि अमुक यांनीही काम केलंय" अशा एका ओळीत आलेले असतात. जे तुमच्या निकालाशी ताडून बघितलेत ते ठेवा. आयट्रिपलईत संदर्भ मजकुरात ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं चौकोनी कंसात आकडे येतात, लेटेकला संदर्भ बिबटेक्स या त्याच्या संदर्भांच्या सोयीनं दिले तर तो क्रम स्वतःच लावतो, हातानं आकडे घालू नका, एक काढला की पुढचे सगळे चुकतात.

आकृत्या. दोन कन्फ्यूजन मॅट्रिक्स, म्हणजे कुठला बेदाणा कुठल्या रंगात ओळखला गेला त्याचे तक्ते, आहेत ना, जुन्या पद्धतीचं आणि तुमचं? एका आकृतीत अ आणि ब करून बाजूबाजूला ठेवा. आकृतीचं नाव खाली, तक्त्याचं नाव वर, आणि तक्त्याला रोमन आकडे. हे टेम्प्लेट स्वतः करतं पण माणसं हातानं बदलतात.

आणखी एक, तुमच्या पेपरच्या शेवटी लेखकांचे फोटो आणि परिचय आहेत का? ते जर्नलला असतात, कॉन्फरन्सला नाही. काढले की चौथाई पान जातं.

विट्याचा_पिंटू (रात्री ११:२४)

चौथाई पान फोटोला 😂 मी पण लावलेला आमच्या पेपरला, सूट घालून स्टुडिओत काढलेला.

द्राक्षबाग_ताई (रात्री ११:३०)

पिंटू दादा मी पण. पासपोर्ट साईझ.

मिरज_जंक्शन (रात्री ११:३६)

हसू नका, मी पण २०११ ला लावलेला.

ते ८७ टक्क्यांचं राहिलं. घाबरू नका, ते बहुतेक तुमचंच तुमच्याशी मॅच झालंय. याआधी हाच मसुदा किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजच्या अकाउंटवरनं तपासला होता का? असेल तर त्या वेळी फाईल त्यांच्या साठ्यात जमा झाली आणि आता दुसऱ्यांदा टाकल्यावर त्या साठ्यातल्या फाईलीशीच जुळली. लायब्ररीत सांगायचं की साठ्यात जमा न करता तपासा, तसा पर्याय असतो. आणि रिपोर्ट उघडून बघा, कुठल्या स्रोताशी किती टक्के, नुसता मोठा आकडा बघून रडायचं नाही.

द्राक्षबाग_ताई (रात्री ११:४४)

हो सर!! सिनॉप्सिसच्या वेळी सप्टेंबरमध्ये तपासला होता. आता रिपोर्ट उघडला, ८१ टक्के स्टुडंट पेपर म्हणून एकाच सोर्सला आहे. म्हणजे मीच ना ती?

मिरज_जंक्शन (रात्री ११:४७)

तुम्हीच. बाकीचे सहा टक्के बहुतेक संदर्भ आणि "द प्रपोज्ड मेथड इज इव्हॅल्युएटेड ऑन" असली वाक्यं.

यूजीसीचा २०१८ चा नियम आहे त्यात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. संदर्भांची यादी, अवतरणं, ठरलेल्या संज्ञा हे मोजायचं नसतं. पण कॉन्फरन्सवाल्यांची स्वतःची तपासणी वेगळी असते, ते स्वतः करतात, तुमच्या लायब्ररीचा आकडा ते बघतच नाहीत. तुमच्या कॉलेजला दाखवायला मात्र स्वच्छ रिपोर्ट परत काढून ठेवा, क्लार्क साहेब ८७ बघून पुढचं वाचणार नाहीत.

पलूस_प्राध्यापक (सकाळी ६:५०)

सकाळी उठून धागा वाचला. सगळं बरोबर आहे पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. कॉन्फरन्स खरी आहे ना? राग मानू नका ताई. आमच्या एका ओळखीच्यानं चार दिवसांत ॲक्सेप्ट झालेल्या पेपरचे पैसे भरले, नावात टेक्निकली स्पॉन्सर्ड, म्हणजे मोठ्या संस्थेचा पाठिंबा असल्यासारखं, लिहिलेलं, पुढं पुस्तकच आलं नाही. पेपर पण गेला, कारण दुसरीकडं द्यायला पण लाज वाटली.

द्राक्षबाग_ताई (सकाळी ७:१५)

नाही सर राग कसला. रिव्ह्यू तीन आले होते, एकानं तर फारच झाडलंय, म्हणाला उजेड बदलला तर काय करणार, सावलीतले फोटो कुठायत. गाईड सरांनी आयट्रिपलईच्या साईटवर कॉन्फरन्सच्या यादीत शोधून बघितलंय, सापडली. ॲक्सेप्ट व्हायला सव्वादोन महिने लागले.

पलूस_प्राध्यापक (सकाळी ७:२२)

झाडलंय म्हणजे खरी आहे. खोट्या ठिकाणी कुणी झाडत नाही, सगळेच एक्सलंट वर्क म्हणतात.

रिव्ह्यूवाल्याच्या सावलीच्या मुद्द्याचं कॅमेरा रेडीत काय केलंत? ते सोडून देऊ नका. नवा प्रयोग करायला वेळ नसेल तर मर्यादा म्हणून दोन ओळी लिहा, उन्हात आणि शेडच्या जाळीखाली रंग वेगळा दिसतो आणि आमचे फोटो फक्त एका वेळेचे आहेत, असं सरळ. ते वाचून पुढचा कुणीतरी तो प्रयोग करेल.

द्राक्षबाग_ताई (सकाळी ७:४०)

ते लिहिलं सर, पण दोन ओळींची जागा मिळवायला इतिहासाचा परिच्छेद गेला हे बरंच झालं. आता पावणेसहा पानं झालीत!

तासगाव_फाटा (सकाळी ९:१०)

थांबा एक मिनिट, सगळे लेटेक लेटेक करताय म्हणून सांगतो, वर्डवाल्यांना पण होतं. मी कला शाखेचा, आमचं सगळं वर्डमध्ये. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका दुकानात पेपर टाइप करायला दिला, प्रोजेक्ट टायपिंग बाइंडिंग करतात ते. माणूस भला आहे पण त्यानं त्याच्या सवयीनं पानाला बॉर्डर मारली, खाली पान नंबर टाकले, शीर्षक अंडरलाईन केलं आणि मला म्हणाला साहेब बघा किती उठून दिसतंय. कॉन्फरन्सवाल्यांनी परत पाठवला. मी परत नेला तर तो म्हणतो बॉर्डरशिवाय पेपर बरा दिसत नाही, आणि बॉर्डर काढायचे वेगळे वीस रुपये घेतले 😅

वर्डवाल्यांनी एवढं करा, टेम्प्लेटच्या फाईलीत आपला मजकूर पेस्ट करताना कीप टेक्स्ट ओन्ली करायचं, नाहीतर जुन्या फाईलची सगळी स्टाईल तुमच्याबरोबर येते आणि मग एक परिच्छेद ११ पॉइंटचा, एक १२ चा. सेव्ह ॲज पीडीएफमध्ये ऑप्शनला जाऊन पीडीएफ/ए वर टिक केली की फॉन्ट एम्बेड होतात. बुकमार्कची टिक काढायची.

वाईची_रिसर्चर (सकाळी ९:५५)

स्प्रिंगर प्रकाशनाच्या एलएनसीएस या पुस्तकमालेत पेपर देणाऱ्यांनी वरचं दोन कॉलमचं सगळं विसरा हां, ते एक कॉलम आहे, मजकुराची जागा १२.२ बाय १९.३ सेंटीमीटर. दुसऱ्या साईझचं पान घालून चालत नाही म्हणून सांगितलं. मी आयट्रिपलईवरनं रिजेक्ट झालेला पेपर तिकडं वळवला तेव्हा सहा पानांची साडेबारा झाली आणि मला वाटलं माझा पेपर मोठा झाला.

ताई, लेखकांची नावं बघितलीत का? पहिल्या फेरीत ब्लाइंड, म्हणजे लेखकांची नावं लपवून, होतं का तुमचं? असेल तर कॅमेरा रेडीत नावं घालायची राहतात लोकांची. आमच्या ग्रुपमध्ये एकानं ॲनॉनिमस ऑथर वनच ठेवून पाठवलेलं.

द्राक्षबाग_ताई (सकाळी १०:१२)

ब्लाइंडच होतं! नावं घातली आहेत, आभार पण परत घातले. पण नावावरनंच एक विचारायचंय. आधार कार्डवर माझं आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. कॉलेजच्या रेकॉर्डला पण तसंच. पेपरवर कसं लिहू?

पोवईनाका_मॅडम (सकाळी १०:३०)

बरं झालं विचारलंत. नाव आधी, आडनाव शेवटी, आणि आता ठरवाल तेच आयुष्यभर. कारण तिकडं शेवटचा शब्द हेच आडनाव धरतात. आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी घातलंत तर तुमचा पेपर वडिलांच्या नावाखाली शोधावा लागेल. मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर ठेवलंत तरी चालेल. आणि कॉपीराइट फॉर्म, रजिस्ट्रेशन आणि पेपर, तिन्हीकडं अक्षरनअक्षर एकच.

ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, फुकट असतो, १६ अंकी, एकदाच काढायचा. पुढं लग्नानंतर आडनाव बदललं नाही बदललं तरी पेपर तुमचाच राहतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, माझे पहिले तीन पेपर माहेरच्या नावावर आहेत आणि दरवेळी प्रमोशनच्या फायलीत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

कॉपीराइटचा फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो, तो भरला की पहिल्या पानाच्या खाली डाव्या कॉलममध्ये घालायची एक ओळ मिळते, आयट्रिपलईचं नाव, साल आणि आयएसबीएनसारखा आकडा असलेली. बऱ्याच कॉन्फरन्स ती स्वतः देतात. ती घातल्याशिवाय फायनल पीडीएफ करू नका, नाहीतर परत एक्सप्रेस.

कराडचा_कोडर (सकाळी ११:०२)

आणि सरांचं नाव पहिलं घालू नका लगेच 😏 काम तुमचं आहे.

पलूस_प्राध्यापक (सकाळी ११:१०)

कोडर भाऊ इथं भांडणं लावू नका. ताई, ॲक्सेप्ट झालं तेव्हा जो क्रम होता तोच ठेवा, आता क्रम बदलायला किंवा नाव वाढवायला समितीची परवानगी लागते आणि ती बहुतेक मिळत नाही. त्यामुळं तो विषय संपलाच आहे.

द्राक्षबाग_ताई (सकाळी ११:१८)

माझंच पहिलं आहे, सरांनीच सांगितलं होतं. सर भले आहेत, फक्त मार्जिनचं चुकलं त्यांचं.

मिरज_जंक्शन (दुपारी १:०५)

हेल्वेटिकाचं काय झालं?

द्राक्षबाग_ताई (दुपारी ३:४०)

सर लाईट गेली होती इकडं, आत्ता आली. इंकस्केपनं केलं. ऑब्जेक्ट टू पाथ केल्यावर फॉन्टच्या यादीत हेल्वेटिका दिसतच नाही. पण एक गंमत, बॉक्सप्लॉट मोठा करून बघितला तेव्हा दिसलं की सरांनी काळ्या आणि पिवळ्या बेदाण्याची लेबलं उलटी घातलीत! मी महिनाभर तोच बघतेय आणि तीन रिव्ह्यूवाल्यांना पण दिसलं नाही. सर लग्नातनं आले की त्यांना विचारते, आता तोपर्यंत इंकस्केपमध्येच लेबलं अदलाबदल केली, पाथ झालेले शब्द उचलून एकमेकांच्या जागी ठेवले.

मिरज_जंक्शन (दुपारी ३:४८)

थांबा थांबा. लेबल उलटं आहे हे तुम्हाला नक्की कसं कळलं? सरांनी डेटा उलटा घेतला असेल तर? लेबल बदलण्याआधी तुमच्या मूळ आकड्यांशी जुळवा.

द्राक्षबाग_ताई (दुपारी ४:३०)

जुळवलं. एक्सेलमधली सरासरी बघितली, काळ्याचा ब्राइटनेस कमीच आहे, आकृतीत जास्त दाखवला होता. लेबलच उलटी होती. आणि तशी पण आमच्या शेडवरच्या काकांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की काळा बेदाणा उजळ कसा असंल.

मिरज_जंक्शन (दुपारी ४:३३)

मग ठीक. पाठवा.

द्राक्षबाग_ताई (संध्याकाळी ५:५२)

पास झाला!!!!!! पीडीएफ एक्सप्रेसचा मेल आला, यावेळी एकाच झटक्यात. सहा पानं, ए४, सगळे फॉन्ट एम्बेडेड. ती मंजूर झालेली पीडीएफ परत सबमिशनच्या साईटवर टाकायची असते ना? ती एक्सप्रेसवाली स्वतः पुढं जात नाही ना?

कराडचा_कोडर (संध्याकाळी ५:५५)

नाही जात! हे फार महत्त्वाचं, बरेच जण इथंच थांबतात. मेलमध्ये आलेली तीच फाईल डाऊनलोड करा, उघडून पान ४ बघा, आणि सबमिशनच्या पानावर कॅमेरा रेडीच्या जागी टाका. परत ओव्हरलीफवरनं नवीन काढू नका. मग रजिस्ट्रेशन, एका तरी लेखकाचं पाहिजे, त्याशिवाय पेपर पुस्तकात घेत नाहीत. आणि कुणीतरी जाऊन मांडायचाच, न मांडलेला पेपर एक्सप्लोअरवरनं, म्हणजे आयट्रिपलईच्या ऑनलाइन संग्रहातनं, वगळायचा अधिकार ते राखून ठेवतात.

द्राक्षबाग_ताई (संध्याकाळी ६:२०)

टाकली. कन्फर्मेशन आलं. रजिस्ट्रेशन सकाळीच केलेलं. मी चालले हळदीला, साडी नेसायची राहिलीय. सर्वांना घरचा बेदाणा देणार, सांगलीत कुणी आलं तर सांगा.

विट्याचा_पिंटू (संध्याकाळी ६:२४)

हिरवा का पिवळा?

द्राक्षबाग_ताई (संध्याकाळी ६:२५)

तुम्हाला काळा.